श्रावणातले चिकट ट्रे : डेकूपाजच्या एका ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

डोंबिवलीत राहणाऱ्या दोन जावा काही वर्षांपासून घरच्या घरी डेकूपाजच्या वस्तू तयार करून विकतात. छापील पातळ कागद एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या, ट्रेवर, डब्यावर किंवा घड्याळाच्या तबकडीवर चिकटवायचा आणि त्यावर पारदर्शक लेप देऊन तो कागद पृष्ठभागाचाच भाग वाटेल असा करायचा, असे या कामाचे स्वरूप आहे. थोरली जाऊ कागद निवडणे, कापणे आणि चिकटवणे पाहते. रंगाचा पाया, लेप, बांधणी आणि गिऱ्हाइकांशी बोलणे धाकटीकडे असते. तोवरची त्यांची बहुतेक विक्री दिवाळीत आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने, म्हणजे कोरड्या हवेच्या महिन्यांत होत आलेली होती. पुढे जे घडले त्याचे मूळ बऱ्याच अंशी याच गोष्टीत आहे.

आषाढात त्यांना मंगळागौरीच्या वाणासाठी एक ऑर्डर मिळाली. चाळीस लहान ट्रे आणि प्रत्येक ट्रेसोबत चार कोस्टरचा एक संच, असे सगळे सामान श्रावणातल्या पहिल्या मंगळवारच्या आधी पोचवायचे होते. नगास काही झाले तर हाताशी असावेत म्हणून त्यांनी ४४ ट्रे करायला घेतले.

कामाची पद्धत त्यांच्या नेहमीचीच होती. एमडीएफवर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात दिले. तीन पदरी नॅपकिन पेपरचा फक्त वरचा छापील पदर सुटा करून तो डेकूपाजच्या गोंदाने चिकटवला. त्यानंतर त्याच बाटलीतल्या, चकचकीत प्रकारच्या गोंदाचे तीन हात वरून दिले आणि आणखी चमक यावी म्हणून चौथाही दिला. दोन हातांमध्ये साधारण तासाभराचे अंतर होते. घाई झाली तिथे केस वाळवण्याचा ड्रायर फिरवला. ट्रेची खालची बाजू कोरीच ठेवली.

या एका बाटलीच्या पद्धतीबद्दल इथेच थोडे सांगणे आवश्यक आहे. अठराव्या शतकात व्हेनिसच्या कारागिरांनी महागड्या पौर्वात्य लाखकामाची नक्कल म्हणून छापील चित्रे फर्निचरवर चिकटवायला सुरुवात केली, तेव्हा चिकटवण्याचा पदार्थ वेगळा आणि वरून एकामागून एक दिले जाणारे वार्निशचे हात वेगळे असत. आपल्याकडच्या सावंतवाडीच्या गंजिफा पत्त्यांतही चित्राखालची खळ आणि चित्रावरचा लाखेचा लेप ही दोन निराळी द्रव्ये आहेत. चिकटवणारा आणि झाकणारा पदार्थ एकच असावा, ही सोय अलीकडची आहे. कोरड्या हवेत, भिंतीवर टांगायच्या वस्तूंवर ती उत्तम चालते, आणि म्हणूनच तिच्या मर्यादा सहसा लक्षात येत नाहीत.

अडचण कशी लक्षात आली

लेपाचे काम संपल्यावर काही ट्रे किंचित वाकलेले दिसले. एमडीएफच्या एकाच बाजूला पुन्हा पुन्हा पाणी असलेला लेप दिला आणि दुसरी बाजू कोरी राहिली की फळीचे दोन्ही पृष्ठ सारखे फुगत नाहीत, त्यामुळे ती वाकते. ट्रे सरळ व्हावेत म्हणून ते एकावर एक रचून, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून, वर वजन ठेवण्यात आले. हाताला ते कोरडे लागत होते, म्हणून यात कोणाला वावगे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी कागद काढताना ते ठिकठिकाणी फाटले. जिथे ते सुटून आले तिथे चकचकीत पृष्ठभागावर बातम्यांची अक्षरे उलटी उमटलेली होती. कोस्टरचे संच सुतळीने बांधून ठेवले होते. त्यातले बरेचसे एकमेकांना असे चिकटले की वेगळे करताना कागदाचे पापुद्रे निघाले. सामान पोचवायला तेव्हा बारा दिवस उरले होते.

पहिल्या घाईत दोन उपाय झाले. काही ट्रेवर टाल्कम पावडर चोळली गेली. तिने बोटाला लागणारा चिकटपणा कमी झाला, पण गडद रंगाच्या नक्षीवर पांढुरका थर बसला आणि पुसताना तो लेपातच रुतला. पाच ट्रेवर त्याच गोंदाचा आणखी एक हात दिला गेला. बाटलीतला पदार्थ वाळल्यावर कडक होतो, तेव्हा आणखी एका थराने पृष्ठभाग ‘बंद’ होईल, असा त्यामागचा विचार होता. ते पाच ट्रे सगळ्यात वाईट झाले. याच टप्प्यावर त्यांनी मला विचारले आणि पुढचे निर्णय आम्ही मिळून घेतले.

निदान

चिकटपणा दिसायला एकच असला तरी त्याची कारणे निराळी असतात, आणि कारण न कळता केलेला उपाय बहुधा उलटा पडतो. इथे दोन शक्यता वेगळ्या काढायच्या होत्या. पहिली अशी की लेपात अजून पाणी अडकलेले आहे, म्हणजे वस्तू खऱ्या अर्थाने वाळलेलीच नाही. दुसरी अशी की पाणी निघून गेले आहे, पण वाळलेला लेपच स्वभावतः मऊ आहे. पहिल्या स्थितीत थांबणे हा उपाय आहे. दुसऱ्या स्थितीत कितीही थांबले तरी फारसे काही साधत नाही.

डेकूपाजच्या गोंदाचा मुख्य घटक सहसा पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट असतो, म्हणजे सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाच्याच कुळातला. बाटलीत त्याचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना भिडून सलग पापुद्रा तयार होतो. लेप दुधाळ असतो तो पारदर्शक होतो, हीच त्या बदलाची खूण. हा पापुद्रा उष्णतेने मऊ होणारा असतो आणि शुद्ध, कोरड्या पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटच्या बाबतीत कडक अवस्थेतून मऊ अवस्थेकडे जाण्याचा टप्पा साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान येतो. त्यात लवचिकपणासाठी घातलेली द्रव्ये आणि हवेतून शोषलेले पाणी मिसळले की तो टप्पा आणखी खाली सरकतो. पावसाळ्यात डोंबिवलीच्या घरात तापमान २८-३० अंशांच्या आसपास आणि हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. थोडक्यात, हा पदार्थ ज्या हवेत मऊ पडतो तीच हवा त्या घरात चोवीस तास होती.

नुसत्या अनुमानावर न थांबता दोन साध्या चाचण्या करायचे ठरले. पहिली वजनाची. दोन ट्रे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज ठरलेल्या वेळी तोलले. लेपातले पाणी अजून निघत असेल तर वजन उतरत राहायला हवे. सुरुवातीला काही ग्रॅमची घट दिसली आणि मग आकडा जवळपास स्थिर झाला. एमडीएफ स्वतःही हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, त्यामुळे ही चाचणी काटेकोर म्हणता येणार नाही. तरीही अडकलेले पाणी हे एकमेव कारण नाही, एवढे तिच्यावरून कळले.

दुसरी चाचणी अधिक बोलकी ठरली. एक ट्रे वातानुकूलित झोपायच्या खोलीत आणि एक बाहेरच्या खोलीत ठेवला. दोन दिवसांनी दोन्हींवर साध्या कागदाचा तुकडा ठेवून त्यावर साखरेची एक किलोची पिशवी रात्रभर ठेवली. एसीच्या खोलीतल्या ट्रेवरचा कागद सहज उचलला गेला. बाहेरच्या ट्रेवरचा फाटला. मग एसीतला तोच ट्रे बाहेर आणून ठेवला, आणि एका दिवसात तो पुन्हा कागद धरू लागला. कोरड्या हवेत कडक होणारा आणि दमट हवेत परत मऊ पडणारा हा लेप वाळून चुकलेला होता. त्याला आणखी वाळवून उपयोग नव्हता.

अपवाद होता तो जाड थराच्या ट्रेचा. ज्या कोपऱ्यांत गोंद साचला होता आणि ज्यांवर ड्रायर फिरवला होता, तिथे नख दाबले असता वरची साय सरकून खाली ओला, दुधाळ गोंद दिसत होता. गरम हवेने वरचा थर आधी बंद केला आणि आतल्या पाण्याची वाट अडली. पाचव्या हाताचे पाच ट्रे आणि आणखी तीन, असे एकूण आठ ट्रे या गटात मोडत होते. एकाच ऑर्डरमध्ये दोन्ही प्रकारचा चिकटपणा होता आणि दोन्हींवर एकच उपाय लागू पडणार नव्हता.

पर्यायांचा विचार

नुसते थांबण्याच्या बाजूने थोरल्या जावेचा कल होता, कारण या जातीच्या लेपांना पूर्ण पक्व व्हायला काही उत्पादक चार आठवडे देतात. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण बारा दिवसांत चार आठवडे बसत नव्हते आणि दुसऱ्या चाचणीनंतर हे उघड होते की चार आठवड्यांनीही श्रावणच असेल.

लाखेचे पॉलिश हा पर्याय मोहात पाडणारा होता. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख काही मिनिटांत वाळते, कडक पापुद्रा धरते आणि कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. परंतु स्पिरिट पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटलाही मऊ करते. ब्रश दोनदा एकाच जागी फिरला तर खालचा लेप आणि त्याखालची नक्षी दोन्ही ओढली जाण्याचा धोका होता. शिवाय लाखेवर गरम भांड्याचे पांढरे वळे उमटते. फर्निचरच्या कामातले एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर याच कारणाने बाद झाले: त्यातला थिनर मऊ लेपाला सुरकुत्या पाडू शकतो, आणि राहत्या घरात त्याचा वास व वाफा परवडणाऱ्या नव्हत्या.

अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक स्प्रे एका ट्रेवर करून पाहिला. पाऊस चालू असतानाच तो मारल्यामुळे ट्रेवर धुरकट पांढरी झाक आली. स्प्रेतले द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर धरते, हे त्याचे कारण. कोरडी, उघडीप असलेली दुपार मिळाली असती तर हा पर्याय पुन्हा विचारात घेता आला असता. त्या आठवड्यात ती मिळाली नाही. इपॉक्सी रेझिनचा विचार पाच मिनिटांत संपला, कारण चाळीस ट्रेचा खर्च ऑर्डरच्या रकमेत मावत नव्हता.

राहिला तो पाण्यात मिसळणारा, एकाच डब्यात येणारा पॉलियुरेथेनचा वार्निश, ज्याला दुकानदार ‘वॉटर-बेस्ड पीयू’ म्हणून देतात. त्याचा वाळलेला पापुद्रा गोंदापेक्षा बराच कडक असतो, दमट हवेत परत चिकट होत नाही, आणि त्यात तीव्र द्रावक नसल्याने खालच्या गोंदाला तो फारसा छेडत नाही. त्याचे दोन तोटेही होते. तो स्वतः पाण्यात असल्यामुळे त्यालाही वाळायला कोरडी हवा हवी होती, आणि मऊ थरावर कडक थर दिल्याने खालचा थर कडक होत नाही. हा दुसरा तोटा पुढे नडला.

पहिला निर्णय : गिऱ्हाइकाला सांगायचे की नाही

तांत्रिक पर्याय ठरण्याआधी एका वेगळ्या निर्णयावर घरात मतभेद झाला. थोरलीला वाटत होते की सामान नीट करून वेळेवर द्यावे, मधल्या गोष्टी गिऱ्हाइकाला सांगण्याचे कारण नाही. धाकटीचे म्हणणे होते की १६० कोस्टर आणि ४० ट्रे दोन्ही वेळेत निभावणार नाहीत, तेव्हा काय सोडायचे हे गिऱ्हाइकानेच ठरवू द्यावे. अखेर फोन केला गेला.

त्या बाईंचे उत्तर कामाला दिशा देणारे ठरले. “वाण ट्रेमध्येच भरून द्यायचंय, कोस्टरचं नंतर बघू. पण ताई, ट्रेवर हळदीकुंकवाचे डाग बसायला नकोत, एवढं मात्र बघा,” असे त्या म्हणाल्या. हळदीकुंकवाचा विचार तोवर कोणीच केला नव्हता. मऊ, चिकट लेपावर कुंकवाची चिमूट पडली तर ती रंगासकट आत रुतते आणि मग पुसून जात नाही. चिकटपणा हाताला लागतो की नाही, एवढ्यावर प्रश्न संपत नव्हता. ट्रे ज्या कामासाठी घेतला जाणार होता त्या कामात तो टिकायला हवा होता. त्या एका फोनमुळे ‘ट्रे तयार झाला’ म्हणजे काय, याची कसोटी बदलली, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच होता.

कोस्टर त्या दिवसापासून बाजूला ठेवण्यात आले.

प्रत्यक्ष कृती

सर्व ट्रे आधी एसीच्या खोलीत हलवले गेले. एसी ‘ड्राय’ मोडवर ठेवला. स्वस्तातला डिजिटल आर्द्रतामापक आणून खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहते आहे ना, हे पाहिले जाऊ लागले. जमिनीवर आडवे पसरले तर खालच्या बाजूला हवा लागत नाही, म्हणून स्वयंपाकघरातली दोन ताटाळी आणून त्यांत ट्रे उभे लावले. उरलेले बाटल्यांच्या झाकणांवर टेकवले. बाहेरच्या खोलीच्या खिडक्या तोवर ‘वारा लागावा’ म्हणून उघड्या ठेवल्या जात होत्या. भर पावसात त्या वाऱ्यासोबत ओलावाच घरात येत होता, म्हणून लेपाचे काम नसेल तेव्हा त्या बंद ठेवायचे ठरले.

दोन दिवसांनी ३५ ट्रेचा लेप घासण्याजोगा कडक झाला. ही वाट पाहणे गरजेचे होते, कारण चिकट लेपावर पॉलिश पेपर चालवला तर तो दोन फेऱ्यांतच भरतो आणि लेपाच्या गाठी ओढतो. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी न लावता, हलक्या हाताने फक्त चमक मोडेपर्यंत घासले. वर्तमानपत्राची उलटी अक्षरे आणि रुतलेली पावडर बहुतेक ठिकाणी याच घासण्यात निघाली. दोन ट्रेवर मात्र कड घासताना कागदच उघडा पडून फाटला. धूळ किंचित ओलसर, पिळून घेतलेल्या मलमलीच्या फडक्याने टिपली. स्वयंपाकघरातले फडके यासाठी वापरू नये, कारण तेलाचा अंश राहिला तर वरचा लेप तिथे धरत नाही आणि डोळ्यांसारखे गोल खळगे सोडून बसतो.

पीयूचा पहिला हात एकाच ट्रेवर देऊन एक रात्र थांबायचे, हा आग्रह माझा होता. थोरलीला तो वेळेचा अपव्यय वाटला. खालचा लेप सुरकुतला, तडकला किंवा दुधाळ झाला असता तर ते एका ट्रेवर कळणे ३५ ट्रेवर कळण्यापेक्षा बरे होते. सकाळी ट्रे स्वच्छ निघाला आणि मग काम सलग झाले. डबा हलवला की बुडबुडे येतात, म्हणून तो काडीने सावकाश ढवळला. मऊ केसांचा कृत्रिम ब्रश घेऊन पातळ हात दिला आणि तो पुन्हा पुन्हा फिरवणे टाळले. डब्यावर पुढच्या हातासाठी काही तासांचे अंतर दिलेले होते, तरी दमट हवा लक्षात घेऊन दोन हातांत पूर्ण रात्र जाऊ दिली. आतल्या तळाला तीन हात, कडांना दोन आणि तोवर कोऱ्या राहिलेल्या खालच्या बाजूला एक. खालच्या हातामुळे वाकलेल्या ट्रेपैकी बरेचसे काही प्रमाणात सरळही झाले.

लेप देण्याचे काम खिडकीजवळ आणि वाळवण्याचे काम बंद खोलीत, अशी विभागणी ठेवावी लागली. वॉटर-बेस्ड पीयूचा वास सौम्य असला तरी बंद खोलीत तो साचतो, त्यामुळे त्या दिवसांत त्या खोलीत कोणी झोपायचे नाही असे ठरले. दोन मुले आणि आजी यांची रवानगी बाहेरच्या खोलीत झाली. घरगुती उद्योगाचा हा खर्च कोणत्याच हिशेबात येत नाही.

जाड थराचे आठ ट्रे पूर्ण उतरवून पुन्हा करण्यात आले. एसीत थोडे कडक झाल्यावर लेप आणि कागद प्रायमरपर्यंत घासून काढला. या वेळी गोंद फक्त कागदाखाली आणि कागदावर एक अगदी पातळ हात एवढाच, तोही मॅट प्रकारचा वापरला. मॅट लेपात चमक कमी करण्यासाठी घातलेली बारीक भुकटी पृष्ठभागाला सूक्ष्म खडबडीतपणा देते, त्यामुळे दोन वस्तू एकमेकींना तुलनेने कमी चिकटतात. ड्रायर वापरला नाही. एक रात्र एसीत ठेवून त्यावर थेट पीयू दिला. गंमत अशी की सगळ्यात बिघडलेले हे आठ ट्रे शेवटी सगळ्यात चांगले झाले.

पोचवण्याच्या आदल्या दिवशी तीन ट्रेवर दोन्ही कसोट्या घेतल्या. कागदावर साखरेची पिशवी रात्रभर ठेवली; कागद सुटून आला. ओल्या कुंकवाचा आणि हळदीचा ठिपका दहा मिनिटे ठेवून पुसला. पिवळसर छटा राहिली नाही. बांधणी करताना दोन ट्रेंमध्ये बटर पेपर आणि चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या घातल्या, म्हणजे पृष्ठभागाला पृष्ठभाग टेकणार नाही. वर्तमानपत्र आणि प्लॅस्टिकचे वेष्टन दोन्ही टाळले.

परिणाम

स्प्रेने धुरकट झालेला एक आणि घासताना फाटलेले दोन असे तीन ट्रे वाया गेले. उरलेल्या ४१ पैकी चाळीस वेळेवर पोचले आणि वाणात दिले गेले. चिकटपणाची किंवा डागांची तक्रार आली नाही.

एक तक्रार मात्र काही आठवड्यांनी आली. एका घरी ट्रेवर चहाचे गरम पातेले थेट ठेवले गेले आणि उचलल्यावर त्याच्या बुडाचे वळे लेपात खोलगट उमटलेले दिसले. वरचा पीयू फाटला नव्हता, उडालाही नव्हता. त्याच्याखालचे गोंदाचे चार थर उष्णतेने मऊ झाले आणि वरचा पातळ कडक पापुद्रा त्यांच्यासोबत दबला. पर्यायांचा विचार करताना दिसलेला दुसरा तोटा तो हाच. पुन्हा केलेल्या आठांपैकी एक ट्रे मुद्दाम तसाच तापवून पाहिला, तेव्हा त्यावर फक्त अस्पष्ट खूण राहिली, कारण खाली मऊ थरच जवळपास नव्हता.

कोस्टरचा निकालही याच अनुभवाने लागला. पातळ गोंद आणि पीयूचे चार हात देऊन केलेल्या नमुन्याच्या कोस्टरवर वाफाळत्या चहाचा स्टीलचा पेला ठेवला, तेव्हा वळे उमटले. फिकट, पण दिसण्याइतके. रोज तीनदा गरम पेला सोसायची वस्तू या कृतीने करणे योग्य नाही, असे ठरले. गिऱ्हाइकाच्या संमतीने कोस्टरऐवजी त्याच नक्षीचे कुंकवाचे करंडे करून गणपतीच्या आधी देण्यात आले.

वेगळे काय करता आले असते

नमुना आषाढातच करून पाहायला हवा होता. संक्रांतीत यशस्वी ठरलेली कृती श्रावणात तशीच चालेल हे गृहीत धरले गेले. एक ट्रे नेहमीच्या पद्धतीने करून त्यावर कागद आणि साखरेची पिशवी एक रात्र ठेवली असती, तर सगळा प्रश्न कच्चा माल आणण्याआधीच समोर आला असता.

लेपाच्या हातांची संख्या ही गुणवत्तेची खूण मानली गेली, आणि यात त्या दोघींचाच दोष नाही. या कलेच्या शिकवण्यांत ‘जितके जास्त हात तितके चांगले’ असे सर्रास सांगितले जाते. कडक वार्निशच्या बाबतीत ते खरे असू शकते, मऊ गोंदाच्या बाबतीत प्रत्येक वाढीव हात म्हणजे उष्णतेने दबणारा आणखी एक थर. चमक हवी असेल तर ती शेवटच्या वार्निशकडून घ्यावी.

वाकलेले ट्रे वजनाखाली ठेवण्याचा निर्णयही वेगळा घेता आला असता. वाकण्याचे कारण कोरी राहिलेली बाजू होती. सुरुवातीलाच खालून एक हात दिला असता तर वजन ठेवावेच लागले नसते आणि निदान वर्तमानपत्र चिकटण्याची वेळ त्या दिवशी आली नसती. अर्थात, मग मऊ लेपाचा शोध गिऱ्हाइकाच्या घरी, हळदीकुंकवाच्या दिवशी लागला असता. त्या वजनाने नुकसान केले तसा उपकारही केला.

३५ ट्रेचे काय, यावर आजही माझे आणि धाकटीचे एकमत नाही. तिच्या मते ते सगळेच उतरवून नव्याने करायला हवे होते, कारण खालचे मऊ थर तसेच राहिले आणि पातेल्याची तक्रार त्यातूनच आली. उरलेल्या दिवसांत दोन माणसांच्या हातून तेवढे काम होणे मला अशक्य वाटत होते, आणि वाणाच्या ट्रेकडून गरम पातेले सोसण्याची अपेक्षा ऑर्डरमध्ये नव्हती. मात्र ‘गरम भांडे थेट ठेवू नये’ अशी चिठ्ठी प्रत्येक ट्रेसोबत द्यायला हवी होती. ती द्यायचे राहून गेले.

दराचा प्रश्न शेवटी उरतो. अनेक दिवस जवळपास चोवीस तास चाललेला एसी, पीयूचे डबे, वाया गेलेले कोस्टर आणि दुहेरी मेहनत धरता ऑर्डरमध्ये हाती फार थोडे राहिले. त्यानंतर दोघी जावांनी जून ते सप्टेंबरमधील कामासाठी दर वेगळा लावला आणि सामान पोचवण्याची मुदत किमान पाच आठवडे केली. पुढच्या आषाढात विचारणा केलेल्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकाने ती मुदत मान्य केली, दुसऱ्याने स्टीलचे वाण घेतले.